वाचाघात: थेरपीचे तास ठरवताना या चुका टाळा

अंगावरून वारं गेलं (स्ट्रोक) आणि बोलणं अडलं, म्हणजे वाचाघात झाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "बोलण्यासाठी किती तास थेरपी लागेल?" प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर ऐकल्यावर लोक जे करतात, ते बेळगावात बसून बघताना मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंधरवड्याचे तास एका दिवसात उरकणं. खानापूरकडचे एक किराणा दुकानदार मुलाबरोबर पंधरा दिवसांतून एकदा यायचे. "सर, लांबून येतोय, आज चार तास घ्या." मी घेतले, घ्यायला नको होते. पहिल्या तासाला साखर, गूळ, काडेपेटी अशी नावं यायची. तिसऱ्या तासाला कुठलंही चित्र दाखवा, तोंडून 'गूळ'च. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी. थकलेल्या माणसाचा आधीचाच शब्द अडकून बसतो, पुढचं रेटणं वाया जातं.

मग आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास ठरवला. एक दिवस इथं, तीन दिवस व्हिडिओ कॉलवर. शिवाय रोज वीस मिनिटं दुकानातल्याच वस्तू हातात घेऊन घरचा सराव. दोन महिन्यांनी ते गिऱ्हाइकाला "सुटे द्या" म्हणाले.

अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ साली आलेल्या अभ्यासात भाषेतली सर्वाधिक सुधारणा एकूण २० ते ५० तासांच्या थेरपीशी जोडलेली दिसली. आठवड्याला २ ते ४ तासांतही ती होती आणि ९ तासांच्या वरही, पण थेरपी आठवड्यातल्या ३ ते ५ दिवसांत वाटून दिलेली. ज्यांना एका बैठकीत सगळं हवं असतं, त्यांना मी हे आधी सांगतो.

स्ट्रोकनंतर पहिल्या पंधरवड्यातच जादा तासांचा हट्ट धरू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या चाचणीत त्याचा नेहमीच्या थेरपीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

"सहा महिने झाले, आता काही नाही" म्हणून सोडूही नका. जर्मनीतल्या २०१७ च्या चाचणीत स्ट्रोकला सहा महिने किंवा जास्त झालेल्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी दिली आणि त्यांचं बोलणं सुधारलं.

रुग्ण बोलताना अडला, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मी मनात दहा मोजत थांबतो.

आणि आपल्या भागातली खास चूक: "आधी मराठी येऊ दे, कन्नड नंतर." ज्यांचं निम्मं आयुष्य कन्नड गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलं, त्यांची ती भाषा बंद का करायची? मी दोन्ही चालू ठेवतो. 'पाणी' अडलं आणि 'नीरु' आलं, तर दुरुस्त करत बसू नका, आधी तांब्या पुढे करा.