गच्चीवरून ध्रुव मोजा, वास्को द गामाच्या काळच्या रीतीने

ध्रुव तारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. पुण्यात साडेअठरा, कालिकतला सव्वाअकरा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मालिंदी विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला, तिथून ध्रुव दिसतच नाही. 24 एप्रिल 1498 ला वास्को द गामाची जहाजं तिथून निघाली, पाच दिवसांनी ध्रुव पुन्हा वर आला आणि 20 मे रोजी कालिकतजवळ नांगर पडले.

अरबी नाखवे यासाठी गाठी मारलेली दोरी आणि लाकडी फळी, म्हणजे कमाल, वापरत. त्याला समुद्राचं सरळ क्षितिज लागतं. पुण्यात डोंगर आणि इमारती आड येतात, म्हणून इथे तुरीय यंत्र, म्हणजे ओळंब्याचं पाव वर्तुळ, तेच करा.

अप्पा बळवंत चौकातून बाइंडिंगचा जाड पुठ्ठा आणा. 20 सेंमी त्रिज्येचं पाव वर्तुळ कापा. कमानीवर 0 ते 90 अंश आखा. एक अंश साधारण साडेतीन मिलिमीटरचा येतो. एका सरळ कडेला बारीक भोकाची स्ट्रॉ चिकटवा. शून्य मात्र दुसऱ्या कडेला, यात हमखास चूक होते. दोन्ही कडा मिळतात त्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवा आणि खाली लोखंडी नट बांधा. झाला ओळंबा. दोऱ्याचं भोक कोपऱ्यापासून चार मिलिमीटर सरकलं, तर वाचन एक अंशापर्यंत चुकू शकतं, म्हणजे नकाशावर 111 किलोमीटर.

ध्रुव शोधायला फेब्रुवारी ते मे संध्याकाळी सप्तर्षी बघा: चौकोनाच्या शेपटीविरुद्ध कडेचे दोन तारे पुलह आणि क्रतू, त्यांतल्या पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ पाचपट पुढे न्या. थंडीच्या सुरुवातीला शर्मिष्ठा या M आकाराच्या तारकासमूहावरून शोधा. पावसाळ्यात नाद सोडा. सिंहगडावरून उत्तरेला पाहिलं तर शहराचाच उजेड डोळ्यांत येतो. त्यापेक्षा राजगुरुनगरच्या पुढे जाणं शहाणपणाचं.

डोळा कमानीच्या टोकाला, दोऱ्याचा कोपरा ताऱ्याकडे. उलटं धरलंत तर दोरा पुठ्ठ्याबाहेर जातो. नळीतून तारा दिसला की दुसऱ्याने दोरा जागच्या जागी चिमटीत दाबून आकडा वाचायचा. वाऱ्यात दोरा झुलतो, म्हणून दहा वाचनं घ्या, सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान वगळा, उरलेल्यांची सरासरी काढा. 17.5 ते 19.5 मध्ये आलात तर हात चांगला बसला आहे.

झुलण्याचा हा त्रास जहाजावर कितीतरी मोठा. नोव्हेंबर 1497 मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात गामाने लाकडी अॅस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्याची किंवा सूर्याची उंची मोजायचं चक्र, किनाऱ्यावर उतरवून सूर्य मोजला, तो त्यामुळेच. शिवाय आज ध्रुव खऱ्या खगोलीय ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडाच दूर आहे. तेव्हा तो सुमारे साडेतीन अंश दूर होता. म्हणून त्या काळी नुसतं वाचन पुरत नसे, तारा त्या घटकेला बिंदूच्या वर आहे की खाली, ते पाहून बेरीज-वजाबाकी करावी लागे.