न्यू जर्सीत नवे आलात आणि मुलाला शाळेत जास्तीची मदत लागते, तर

एडिसन, प्लेन्सबरो, पार्सिपनी या भागात दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडची नवी कुटुंबं येतात. अपार्टमेंट कुठे घ्यावं, लायसन्सची परीक्षा कशी द्यावी, तूरडाळ कुठे स्वस्त मिळते, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ज्यांच्या मुलाला ऑटिझम आहे, डाउन सिंड्रोम आहे, ऐकू कमी येतं किंवा चौथीत गेलं तरी वाचताना अडखळतं, त्यांना बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, तोही हळू आवाजात: "शाळेत आत्ताच काही बोलू नका, शिक्का बसेल." हा सल्ला ऐकू नका. तुम्ही सांगितलंच नाही, तर शाळा पहिलं वर्ष "मूल नवीन आहे, भाषा नवीन आहे, रुळेल" असं म्हणत काढते आणि ते वर्ष परत मिळत नाही. राहिला शिक्क्याचा प्रश्न. शाळेची कागदपत्रं गोपनीय ठेवायचा कायदा 1974 पासून आहे, आणि मुलाला विशेष मदत मिळत होती हे कॉलेजला जाणाऱ्या मार्कांच्या कागदावर लिहीत नाहीत.

आधी पाया समजून घ्या. अमेरिकेत 1975 साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. 1990 मध्ये त्याचं नाव बदललं, आणि आज सगळे त्याला 'आयडिया' म्हणतात. मुलाचं अपंगत्व कितीही तीव्र असो, सरकारी शाळेने त्याला त्याच्या गरजेप्रमाणे फुकट शिकवायचं, आणि शक्य तितकं इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकवायचं, असं तो सांगतो. तुम्ही नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आहात, मूल कुटुंबीयांच्या एच-फोर व्हिसावर आहे, याने या हक्कात फरक पडत नाही. 1982 च्या टेक्ससमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येणार नाही असं ठरवलं आहे. शाळेला हवा असतो तुमच्या पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि जन्मतारखेचा दाखला.

भारतातून येताना डॉक्टरांचे आणि थेरपिस्टचे सगळे रिपोर्ट, जुन्या शाळेची प्रगतिपुस्तकं, एखादी व्हिडिओ क्लिप असेल तर तीही आणा. पण तिकडचं अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड किंवा बोर्डाने दिलेली जादा वेळेची आणि लेखनिकाची सवलत इकडे आपोआप लागू होत नाही. शाळा स्वतःची तपासणी करते. डॉक्टरांचं निदान असलं की झालं असंही नाही. त्या अडचणीचा मुलाच्या शिकण्यावर परिणाम होतो आणि त्याला विशेष शिक्षण लागतं, हे शाळेच्या तपासणीत दिसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. तपासणीची मागणी लेखी करा. गेटवर शिक्षिकेशी बोलून, फोनवर सांगून काही सुरू होत नाही. डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्पेशल सर्व्हिसेसच्या प्रमुखांना तारीख घालून साधी ईमेल पाठवा: माझ्या मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे असं मला वाटतं, चाइल्ड स्टडी टीमकडून त्याची तपासणी व्हावी अशी विनंती करतो. दोन ओळी पुरतात. या पत्रानंतर 20 दिवसांत तुमच्याबरोबर मीटिंग घ्यावी लागते. तुम्ही तपासणीला संमती दिली की 90 दिवसांत तपासणी, निर्णय आणि मंजूर झालं तर प्रत्यक्ष मदत सुरू, एवढं सगळं व्हायला हवं. टीममध्ये शाळेचा मानसशास्त्रज्ञ, शिकण्यातल्या अडचणींची जाणकार शिक्षिका आणि सोशल वर्कर असतात. यांच्यातलाच एक पुढे तुमचा केस मॅनेजर होतो. त्याचं नाव फ्रिजवर लावून ठेवा.

मूल नुकतंच आलं असेल आणि इंग्रजी कच्चं असेल, तर दोन उलट्या चुका होऊ शकतात. एक, भाषेमुळे अडतंय असं समजून खरी अडचण दुर्लक्षिली जाते. दुसरी, फक्त भाषा येत नाही म्हणून मुलाला विशेष वर्गात पाठवलं जातं. कायदा म्हणतो, इंग्रजी न येणं हे निदान ठरू शकत नाही, आणि शक्य असेल तर तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी. मराठीत तपासणी करणारा मिळणं दुर्मीळ आहे, तरी लेखी मागाच. दुभाष्या नक्की मिळू शकतो, आणि मीटिंगला आई किंवा आजी मराठीतच बोलणार असेल तर तिच्यासाठीही. आणि घरात मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं, हा गैरसमज अजूनही कोणी कोणी सांगतं. नातवंडाशी बोलायला आजीला भाषाच उरली नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

मंजूर झाल्यावर जो कागद बनतो, त्याला, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याला, सगळे आयईपी म्हणतात. मुलाला आज काय जमतं, वर्षभरात काय जमवायचं, आठवड्यातून किती मिनिटं स्पीच थेरपी, ओटी (रोजची कामं जमण्यासाठीची थेरपी) किंवा पीटी (फिजिओथेरपी), वर्गात मदतनीस लागेल का, परीक्षेत जादा वेळ किती, सगळं त्यात असतं. पुण्यात शॅडो टीचरचा पगार तुम्ही भरत असाल. इथे आयईपीत एड, म्हणजे मदतनीस, लिहिलेला असेल तर त्याचा पगार डिस्ट्रिक्ट देतं. लिहिलेला नसेल, तर शाळेने तोंडी कितीही गोड आश्वासन दिलं तरी ते धरून चालू नका.

वर्ग कुठला, यावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. एका टोकाला नेहमीचा वर्ग, ज्यात दुसरी विशेष शिक्षिका सोबत शिकवते. मग एखाद्या विषयापुरतं बाहेरच्या छोट्या खोलीत नेणं, मग दिवसभर वेगळा वर्ग, आणि दुसऱ्या टोकाला डिस्ट्रिक्टबाहेरची विशेष शाळा. देशभरात विशेष शिक्षण घेणारी सुमारे दोन-तृतीयांश मुलं दिवसाचा 80 टक्क्यांहून जास्त वेळ नेहमीच्या वर्गात असतात. न्यू जर्सी याबाबत देशाच्या बरंच मागे आहे; इथे वेगळ्या वर्गांची आणि वेगळ्या शाळांची जुनी सवय आहे. म्हणून शाळेने सुचवलेला पहिला पर्याय वेगळा वर्ग असला, तर तो नियम आहे असं समजू नका.

इथलाच एक खटला माहीत असू द्या. क्लेमेंटन नावाच्या छोट्या गावात डाउन सिंड्रोम असलेल्या राफाएल ओबर्टी या मुलाला शाळेने वर्तणुकीचं कारण देऊन वेगळ्या वर्गात पाठवायचं ठरवलं. पालक कोर्टात गेले. 1993 मध्ये अपील कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला: नेहमीच्या वर्गात पुरेशी मदत देऊन बघितलं का, हे शाळेने आधी दाखवायला हवं. त्यामुळे मीटिंगमध्ये विचारायचा प्रश्न ठरलेला आहे. "नेहमीच्या वर्गात कुठली कुठली मदत देऊन पाहिली, आणि ती का पुरली नाही?" उत्तर लेखी घ्या. वेगळा वर्ग काही मुलांना खरंच मानवतो, विशेषतः गोंगाट सहन न होणाऱ्यांना. पण तो निवडलेला असावा, लादलेला नसावा.

आपल्या लोकांची अडचण वेगळीच असते. शिक्षकांपुढे आपण मान डोलावतो. सहा माणसं टेबलाभोवती बसलेली, सगळी हसून बोलतात, शेवटी पेन पुढे करतात, आणि आपण 'थँक यू' म्हणत सही करतो. हजेरीच्या कागदावर सही करा, ती फक्त उपस्थितीची. आराखड्यावर लगेच सही करायची गरज नाही, तो घरी न्या, वाचा. पहिली आयईपी तुमच्या लेखी संमतीशिवाय सुरूच होत नाही. पुढच्या बदलांना मात्र 15 दिवसांत हरकत घेतली नाही, तर ते लागू होतात. तेव्हा त्या वेळी गप्प बसणं म्हणजे होकार. तपासणी पटली नाही, तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून दुसरी तपासणी मागता येते. प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं, तर 2008 पासून न्यू जर्सीत आपलं म्हणणं सिद्ध करायची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर आहे. बहुतेक घरांना तिथवर जावं लागत नाही. त्याआधी स्पॅन नावाच्या पालक-मदत संस्थेशी बोला, तिथे फुकट सल्ला मिळतो.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर रस्ता वेगळा. राज्याचा अर्ली इंटरव्हेन्शन कार्यक्रम आहे, तपासणी फुकट, थेरपिस्ट घरी येतात. पुढच्या सेवांना उत्पन्नाप्रमाणे थोडे पैसे पडू शकतात. तिसऱ्या वाढदिवशी ही सेवा संपते आणि जबाबदारी डिस्ट्रिक्टकडे जाते, म्हणून निदान चार महिने आधी डिस्ट्रिक्टला कळवा. मदत लागतेच पण विशेष शिक्षण लागत नाही, अशा मुलांना, म्हणजे मधुमेह, एडीएचडी वगैरे, 1973 च्या कायद्यातल्या कलम 504 खाली सवलती मिळतात. खाजगी शाळेचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा; तिथे आयईपीचा हा हक्क तुमच्याबरोबर येत नाही.

एबीए थेरपीसाठी (ऑटिझम असलेल्या मुलांसाठीची वर्तन-थेरपी) विमा बघताना एक मेख आहे. न्यू जर्सीच्या 2009 च्या कायद्याने विमा कंपन्यांना ऑटिझमच्या उपचारांचा खर्च द्यायला लावला. पण मोठ्या कंपन्या बहुधा स्वतःच्या पैशातून विमा चालवतात, आणि त्यांच्यावर राज्याचा हा नियम लागू नाही. ऑफर लेटर हातात आलं की एचआरला विचारा: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, आणि एबीए कव्हर आहे का.

डिसेंबरात दोन महिने गावाला जायचं असेल तर केस मॅनेजरला आधी कळवा. लांब गैरहजेरीत शाळा नाव काढू शकते, आणि परत आल्यावर सगळं पुन्हा मार्गी लावावं लागतं.

शेवटचा विषय मूल लहान असताना कोणी काढत नाही. मूल 18 वर्षांचं झालं की शाळेतले हक्क त्याच्या स्वतःच्या नावावर जातात. ते स्वतः निर्णय घेऊ शकणार नसेल, तर पालकत्वाचा अर्ज कोर्टात करावा लागतो. इथली शाळा 21 व्या वर्षाच्या शालेय वर्षाअखेरपर्यंत शिकवते, त्यानंतर राज्याचा प्रौढांसाठीचा विभाग सेवा देतो, पण त्यासाठी मेडिकेड हा सरकारी आरोग्यविमा लागतो, आणि तो एच व्हिसावर मिळत नाही. त्यात एच-फोर 21 व्या वाढदिवशी संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर मूल दहा-बारा वर्षांचं असतानाच इमिग्रेशन वकिलाला दोन्ही तारखा एकत्र दाखवा: तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची तारीख) आणि मुलाची जन्मतारीख.