भेरूघाटात पिकअप दम तोडते तेव्हा डिझेलचा दाब कुठे जातो

कॉमन रेल पिकअपला (म्हणजे पंपाने दाबलेलं डिझेल रेल नावाच्या एका जाड नळीत साठवून तिथून इंजिनात फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना देणाऱ्या गाडीला) दोष वाचणारा स्कॅनर लावला आणि पी ००८७ कोड दिसला की बऱ्याच गॅरेजांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पंप गेला. तो कोड खरं तर एवढंच सांगतो की कॉम्प्युटरने मागितला तेवढा दाब रेलमध्ये आला नाही. का आला नाही, ते आपण शोधायचं. आणि त्या शोधात पंप हा सगळ्यात महागडा संशयित, म्हणून त्याची झडती सगळ्यात शेवटी.

माझं गॅरेज इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला. बुऱ्हाणपूरची केळी किंवा बेडियाची मिरची भरून निमाडातून भेरूघाट चढून वर येणाऱ्या गाड्या इथे येतात. ड्रायव्हर उतरता उतरता सांगतो, "भिया, नीचे तो मस्त चलती है, घाट पे दम तोड़ देती है." या एका वाक्यात निम्मं निदान आहे, म्हणून बॉनेट उघडण्याआधी मी त्याला बसवून नीट विचारून घेतो.

रेलचा दाब दोनच कारणांनी पडतो. एक तर पुरेसं डिझेल पुढे पोचत नाही, नाहीतर पोचलेलं डिझेल मागच्या दाराने निसटतं. रिकामी गाडी सपाटीवर ठीक, पण भरलेली गाडी चढावर मेली, तर पुरवठ्याकडे बघा: टाकी, जाळी, फिल्टर, नळ्या. चढावर इंजिन डिझेल कितीतरी जास्त मागतं आणि चोंदलेला रस्ता तिथेच उघडा पडतो. उलट, सकाळी गाडी पटकन लागते पण ढाब्यावर चहा पिऊन आलं की गरम इंजिनाला सेल्फ मारत बसावं लागतं, तर गळतीकडे बघा. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त पळतं. रात्रभर उभी राहिलेली गाडीच सकाळी त्रास देत असेल, तर बहुतेक कुठून तरी हवा शिरते आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं.

धुराचंही विचारा. दम तोडताना मागून काळा धूर येत असेल तर डिझेल कमी नाही, हवा कमी आहे. टर्बोचा पाइप फाटलाय का, क्लिप सुटलीय का, एअर फिल्टर बुजलाय का, ते आधी बघा. डिझेलच कमी पडतं तेव्हा गाडी बिनधुराची मवाळ होते, चेक लाइट लागतो आणि कॉम्प्युटर तिला लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापून जेमतेम चालण्याच्या अवस्थेत, टाकतो.

हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि यात मी कुणाची भीड ठेवत नाही. आमच्या वडिलांच्या काळातल्या इनलाइन पंपाच्या इंजिनात हवा काढायला चालू इंजिनावर इंजेक्टरचा नट सैल करायचे. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. आयडलला रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो, पूर्ण ताकदीला बऱ्याच इंजिनांत १४०० ते १६०० बार. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी जायचं नाही. थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला सांगायचं की दाबाचं डिझेल आत गेलंय. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा, हात नाही. आणि इंजिन बंद केल्यावर नळी खोलण्याआधी किमान दहा मिनिटं थांबायचं.

आता आकडे. महागडा स्कॅनर नसला तरी चालतं. फोनला जोडायचं छोटं ओबीडी यंत्र (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारं) बहुतेक नव्या गाड्यांत रेलचा दाब दाखवतं. ते किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर दोन शून्यं कमी करा: ३०,००० म्हणजे ३०० बार. पहिलं वाचन रात्रभर उभ्या गाडीवर घ्या, चावी ऑन, इंजिन बंद. आकडा शून्याच्या आसपास हवा. बंद इंजिनावर पन्नास-साठ बार दिसत असतील तर दाबाआधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा. सेन्सरला तीन तारा असतात: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. दाब नसताना सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. उंदराने कुरतडलेल्या वायरीपायी पंप उतरवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

मग सेल्फ मारून बघा. इंजिन लागायला रेलमध्ये दीडशे-दोनशे बार तरी चढावे लागतात. गाडी चालू होत असेल तर माल भरलेल्या गाडीला चढावर घ्या. आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे, स्टिअरिंग धरलेल्याने नाही. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब असे दोन्ही आकडे दिसत असतील तर उत्तम. मिळालेला आकडा क्षणभर मागे पडून लगेच गाठत असेल तर चिंता नाही. पूर्ण रेस देऊनही शंभर-दीडशे बार मागेच राहात असेल, तर दाब खरोखर पडतोय.

पुरवठ्याचा तपास टाकीच्या झाकणापासून करायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मंडीच्या धुळीने झाकणाचं श्वासाचं भोक बुजतं, डिझेल जसं कमी होतं तशी टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल खेचता येत नाही. दम तोडल्याबरोबर गाडी बाजूला घ्या, झाकण सैल करा. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि पुढे गाडी ठीक चालली, तर चोर सापडला. खर्च एका झाकणाचा.

मग फिल्टर. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पहिलं पावभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली थोडा वेळ उभी ठेवा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. शेवाळासारखी काळी-तपकिरी चिकट घाण असेल तर टाकीत पाणी बरेच दिवस मुरलंय, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात पहिलं आलंय, पण पिकअपच्या टाक्या त्या सर्वेक्षणात धरत नाहीत. टाकीतली जाळीही काढून बघा. तिच्यावर पानाचा तुकडा, प्लास्टिकचा पापुद्रा असं काहीही चिकटलेलं मिळतं. गाडी थांबली की ते सुटतं आणि दहा मिनिटांनी पुन्हा चिकटतं, म्हणून असा दोष येतो-जातो आणि माणूस वेडा होतो.

नवा फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने भरून लावू नका. मधल्या भोकातून ओतलेलं न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. रिकामा बसवा आणि हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा फुगा) कडक होईपर्यंत दाबा. कोरडा पंप सेल्फवर फिरवत राहू नका, त्याला वंगण डिझेलचंच असतं.

हवा शिरते का हे बघायला फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा, डिझेल सोसणारी. चालू केल्यावर दोन-चार बुडबुडे गेले तर सोडून द्या. सतत बारीक फेस येत असेल तर मागे कुठेतरी ओढ लागून हवा शिरते. ओढीच्या नळीतून डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत जाते, म्हणून जमिनीवर डाग शोधून काही मिळत नाही. कडक झालेली रबरी नळी, क्विक कनेक्टरची ओ-रिंग, बँजो बोल्टचा (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर, प्रायमरचा फुगा, यांपैकीच कुणीतरी असतं. ज्या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे तिथे चावी ऑन केल्यावर काही सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली तर आधी फ्यूज, रिले आणि कनेक्टरवरचा करंट बघा.

या बाजूची माझी सगळ्यात आवडती चाचणी कॅनची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घेऊन तो पंपापेक्षा उंचावर नीट बांधायचा, टाकीची नळी काढून त्यातून फिल्टरला नळी द्यायची आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) त्याच कॅनमध्ये सोडायचा. दाब सुधारला तर दोष फिल्टरच्या मागे, टाकीकडे. काहीच फरक नाही पडला आणि फिल्टर नवा असेल तर पुढे सरका.

आता निसटणारं डिझेल. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून सारख्या लांबीच्या पारदर्शक नळ्या लावा, त्या खुणा केलेल्या चार बाटल्यांत सोडा आणि इंजिन आयडलला ठेवा. टाकीकडे जाणारी मूळ रिटर्न नळी बंद करायला विसरू नका. काही मिनिटांत बाटल्या बोलायला लागतात. चारांत थोडा फरक चालतो. तिघांत बोटभर आणि एकात अर्धी बाटली, तर तो इंजेक्टर डिझेल गिळतोय. गाडी लागतच नसेल तर हीच चाचणी सेल्फवर करा. एक सावधगिरी: पिझो इंजेक्टरच्या (विजेवर ताणणाऱ्या स्फटिकाने उघडणाऱ्या) गाडीत ही चाचणी अशी करायची नाही, त्यांना रिटर्नमध्ये दाब लागतो. रेलच्या टोकाला प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह (दाब फार वाढला तर डिझेल सोडून देणारा) असेल तर त्याची रिटर्न नळीही काढून बघा. आयडलला तिथून धार येत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीय, आणि पंपाच्या तुलनेत तो बराच स्वस्त सुटतो.

हे सगळं ठीक निघालं तर मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) आणि पंपाकडे या. व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कापडावर झटका. चमचमणारी धातूची कणी दिसली तर पंप आतून झिजतोय आणि ती कणी इंजेक्टरपर्यंत पोचलेली असू शकते. अशा वेळी फक्त पंप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. टाकी धुवा, नळ्या आणि रेल साफ करा, इंजेक्टर टेस्टिंगला द्या. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ झाली की वंगण जातं, म्हणून मालकाला विचारा की हल्ली डिझेल कुठून भरतो. कणी नसेल तर पंप उतरवून टेस्ट बेंचवर पाठवा आणि पंपवाल्याकडून टेस्ट शीट मागा: कोणत्या फेऱ्यांवर किती डिझेल दिलं, आणि कंपनीचा आकडा किती. शीट द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून आपला पंप परत घेऊन या.

काम झालं की कोड पुसा, तेवढाच माल भरून त्याच चढावर परत न्या आणि आकडे लिहून घ्या. रिकाम्या गाडीला गॅरेजभोवती चक्कर मारून ती "ठीक झाली" म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी पैसे देत नाही, तुम्हीही देऊ नका.