नलारबॉर ओलांडण्याआधी: कॅराव्हॅनच्या पाण्याची तयारी

सेडुना ते नॉर्समन हे अंतर साधारण १२०० किलोमीटर. दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या एअर हायवेचा हा सगळ्यात कोरडा पट्टा, नलारबॉर नावाच्या ओसाड पठारावरचा. मेलबर्न-ॲडलेडकडची आपली मंडळी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन पर्थला निघाली की डिझेल कुठे मिळेल याची चौकशी आधी करतात. डिझेल मिळतं, रोडहाउस (हायवेवरचे पंप-खाणावळ-मुक्कामाचे थांबे) आहेत. पाण्याची टाकी मात्र तिथे कुणी भरून देईल अशा भरवशावर राहू नका. त्यांचं स्वतःचं पाणीच जेमतेम असतं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आपण पाहिलं. नलारबॉरवरच्या रेल्वेवस्त्यांना 'टी अँड शुगर' नावाची गाडी १९१७ पासून १९९६ पर्यंत किराण्याबरोबर पाणीही पोचवत होती. तेव्हा ही तयारी सेडुनाला पोचून नव्हे, घरून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. किलोमीटर बाजूला ठेवा आणि भरवशाच्या एका नळापासून भरवशाच्या पुढच्या नळापर्यंत किती रात्री काढणार, ते लिहा. गाडी नुसती हाकली तर हा पट्टा दोन-तीन दिवसांत पार होतो, पण फ्री कॅम्पिंग, म्हणजे पार्कबाहेर मोकळ्या जागी मुक्काम, करत रमतगमत जायचं तर सहा रात्री सहज लागतात. माणशी दिवसाला १० लिटर धरा. यात पिणं, चहा, स्वयंपाक, भांडी आणि हात राखून केलेली अंघोळ बसते. दोघांचे २० लिटर, सहा दिवसांचे १२०, आणि त्यावर दोन दिवसांचा राखीव साठा ४० लिटर. एकूण १६०. राखीव साठ्यात काटकसर नको. टायर फाटला, वारा सुटला म्हणून एक दिवस थांबावं लागलं, तर तेच पाणी कामाला येतं. मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान जात असाल तर वाटेतल्या हेड ऑफ बाइट या किनाऱ्यावरच्या जागी सदर्न राइट देवमासे पिल्लांना घेऊन किनाऱ्याशी आलेले दिसतात, आणि ते पाहून मुक्काम वाढवावासा वाटतोच. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा नुसत्या पिण्याचंच पाणी वाढवून धरावं लागतं. खरं तर उन्हाळ्यात हा प्रवास टाळावा, असंच माझं मत आहे.

आता वजन. एक लिटर म्हणजे एक किलो. ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो झाले. बहुतेक कॅराव्हॅनच्या टेअर वजनात, म्हणजे रिकाम्या वजनात, पाणी धरलेलं नसतं, ते तुमच्या सामानाच्या कोट्यातून जातं. कोटा ४०० किलोचा असेल तर जवळजवळ अर्धा तिथेच संपला. म्हणून निघण्याआधी टाक्या भरून, भांडीकुंडी आणि पिठाचे डबे चढवून, गाडी आणि कॅराव्हॅन वजनकाट्यावर नेऊन या. टाक्या चाकांच्या पुढे आहेत की मागे, तेही एकदा वाकून बघा. पुढची टाकी भरली की टो-बॉलवरचा (कॅराव्हॅन गाडीला जोडणाऱ्या गोळ्यावरचा) भार वाढतो, मागची भरली की कमी होतो, आणि भार फार कमी झाला तर मागचं धूड डोलायला लागतं. दोन टाक्या अर्ध्या-अर्ध्या भरण्यापेक्षा एक काठोकाठ भरलेली बरी, अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळतं.

सगळं पाणी टाकीत ठेवू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. १६० पैकी ६० लिटर पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये आणि ते ओढणाऱ्या गाडीत. कॅराव्हॅनच्या टाक्या पोटाखाली असतात. कच्च्या रस्त्यावर उडालेला एक दगड खालच्या तोटीवर बसला की टाकी रिकामी होते, आणि ते मुक्कामावर पोचेपर्यंत कळतही नाही. गाडी बंद पडून थांबावं लागलं तरी पाणी हाताशी राहतं. अशा वेळी गाडी सोडून मदत शोधायला चालत निघायचं नाही, गाडीपाशीच सावलीत थांबायचं, हा तिकडचा पहिला नियम आहे. कॅन २० लिटरचे घेण्यापेक्षा १० लिटरचे घ्या. साठी ओलांडलेल्या खांद्यांना २० किलो उचलून ओतणं जमत नाही, आणि निम्मं पाणी मातीत जातं. कॅनवर 'पिण्याचं' असं ठसठशीत लिहून ठेवा. त्यातलं पाणी हात धुवायला घ्यायचं नाही, हे बरोबरच्या पाहुण्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा.

टाकी धुण्याचं काम निघायच्या आठवडाभर आधी उरकावं. कॅराव्हॅन महिनोन् महिने उभी असेल तर टाकीत आणि नळ्यांत बुळबुळीत थर धरतो. आधी फिल्टरचं काडतूस काढा. मग बिनवासाचं, साधं ४ टक्क्यांचं ब्लीच लिटरमागे सव्वा मिली, म्हणजे ९५ लिटरच्या टाकीला सुमारे १२० मिली, बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता आणि टाकी भरा. एकेक नळ उघडून वास येईपर्यंत पाणी जाऊ द्या, गरम पाण्याचा आणि शॉवरचा नळही विसरू नका. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी सगळं काढून टाका आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा चांगल्या पाण्याने खंगाळा. व्हिनेगरने टाकी धुवायची असेल तर ती वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी वायू निघतो. नवीन काडतूस सगळ्यात शेवटी बसवा.

पाईप पिण्याच्या पाण्यासाठीचाच घ्या. बागेतल्या हिरव्या पाईपची चव चहात उतरते. दहा मीटरचे दोन तुकडे असले की कुठलाही नळ गाठता येतो. सांडपाण्याचा पाईप वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या पिशवीत. कॅराव्हॅन पार्कच्या नळांचा दाब कधी कधी इतका असतो की आतल्या जोडण्या सुटतात, म्हणून ३५० किलोपास्कलचा प्रेशर रेग्युलेटर नळापाशीच लावायचा. लहान-मोठ्या आट्यांचे दोन-तीन ॲडॉप्टर, आटे नसलेल्या नळावर बसणारी रबरी टोपी, आणि नळाची चावी एका डब्यात ठेवा. या चावीचं महत्त्व तिकडे गेल्यावर कळतं. गावातल्या सार्वजनिक नळाला मूठच नसते, वर फक्त चौकोनी खुंटी असते. ती हाताने फिरत नाही आणि पकडीने धरली की झिजते. पितळी चावी बसवली की अलगद फिरते. पण चावी आहे म्हणून दिसेल तो नळ उघडायचा नाही. आधी विचारायचं, पैसे द्यायचे असतील तर द्यायचे, आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायचा.

फिल्टरबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. गाळाचा आणि कोळशाचा फिल्टर गढूळपणा, वास आणि क्लोरीनची चव काढतो. खारटपणा काढत नाही. बोअरचं खारं पाणी त्यातून खारंच बाहेर येतं, वरून गीझरचा सत्यानाश. साबणाला फेस येत नसेल तर ते पाणी टाकीत घेऊच नका. रेस्ट एरियात कुठे छपराच्या पाण्याची टाकी दिसली तर ती अडल्यानडल्यासाठी असते, आपल्या टाक्या भरायला नव्हे. तिच्यातलं पाणी प्यायची वेळ आलीच तर आधी खळखळून उकळा, छपरावर पक्षी बसलेले असतात.

आणखी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्यात जलनेती करणारे बरेच आहेत. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो. ते पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही, नाकात शिरल्याने होतो, आणि मग तो मेंदूपर्यंत जातो. वाचणारे अगदी थोडे. १९६५ साली ॲडलेडच्या फाउलर आणि कार्टर या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नोंदवला. दक्षिण ऑस्ट्रेलियातले पुढचे रुग्ण बरेचसे पोर्ट ऑगस्टाच्या परिसरातले होते, जिथे पाणी लांबून, उन्हात तापलेल्या नळांतून येत असे. म्हणून नेतीसाठी नेहमी उकळून गार केलेलंच पाणी घ्यायचं, टाकीतलं किंवा नळाचं थेट नाही. उन्हात पडलेल्या पाईपमधलं गरम पाणी आधी ओतून द्यायचं, मगच पाईप टाकीला जोडायचा. मुलांना त्या पाईपने अंगावर पाणी उडवू देऊ नका.

सेडुनाला पोचलात की पार्कमध्ये एक रात्र काढा. कपडे तिथल्या यंत्रात धुऊन घ्या, केस धुऊन घ्या. मग टाक्या भरा, आणि इथे एक खबरदारी. मेन्सच्या जोडणीवर राहिलं की नळाचं पाणी थेट आतल्या नळांना जातं, टाकीत नाही. रात्रभर नळाला जोडलेली कॅराव्हॅन सकाळी रिकाम्या टाक्या घेऊनच निघू शकते. टाकीचं भरायचं तोंड वेगळं असतं. पाईप त्यात घालून पाणी सावकाश सोडा, घाई केली की हवा अडकते आणि टाकी भरण्याआधीच पाणी तोंडातून उसळतं. आतल्या चार दिव्यांच्या पातळी-दर्शकावर विसंबू नका, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून सलग वाहायला लागलं की भरली समजायचं. दोन टाक्यांमधला व्हॉल्व्ह बंद करा. पहिली संपली की नेमकं किती उरलं ते आपोआप कळतं.

भाजीपाल्याचा हिशेबही पाण्याशी जोडलेला आहे. पश्चिमेकडे जाताना बॉर्डर व्हिलेजच्या तपासणीत ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात. काय चालतं, काय नाही याची ताजी यादी आधी बघून घ्या. पालेभाज्या धुवायला पाणी खातात, तेव्हा त्या पहिल्या दोन दिवसांतच संपवा. पुढे पिठलं, थालीपीठ, मुगाची खिचडी. कुकरमध्ये डब्याखाली उरलेलं पाणी गरम असतं, त्यात चमचे-वाट्या धुऊन होतात. तांदूळ धुतलेलं पाणी पहिल्या खरकट्याला. भांडी धुण्याआधी ताटं कागदाने अगदी कोरडी पुसा, मग फवाऱ्याच्या बाटलीत साबणपाणी आणि दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. दोघांच्या जेवणाची भांडी दीड लिटरमध्ये निघतात.

अंघोळीला शॉवर नको. १२ व्होल्टचा पंप मिनिटाला साधारण १० लिटर पाणी फेकतो, म्हणजे एका मिनिटात एका माणसाचा दिवसभराचा वाटा गेला. बादलीत पाच लिटर कोमट पाणी आणि तांब्या, आपल्याला सवय आहेच. मध्ये एक दिवस ओल्या पंचाने अंग पुसून भागतं. काही रोडहाउसवर पैसे देऊन अंघोळ करता येते, ती जरूर करावी. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरा, ते टॉयलेटच्या कॅसेटला (मैला साठणाऱ्या काढत्या टाकीला) होतं.

पंपाचं बटण वापर झाला की बंद. गाडी चालू असताना तर नक्कीच. खडखडाटाने एखादी जोडणी सैल झाली आणि पंप चालू राहिला, तर तो सगळी टाकी कॅराव्हॅनच्या फरशीवर ओतेल. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच अर्धा सेकंद घुरघुरला, पुन्हा शांत, पुन्हा घुरघुरला, तर कुठेतरी पाणी झिरपतंय. तेव्हाच टॉर्च घेऊन सिंकखाली आणि गीझरच्या मागे हात फिरवून बघा. टाकीत पाणी नसताना गीझर पेटवू नका. थंडीत रात्री पारा शून्याकडे जातो, तेव्हा झोपण्याआधी किटली भरून ठेवा. पहाटे नळ्या गोठल्या तरी चहा अडत नाही.

सांडपाणी जमिनीवर सोडायचं की नाही, ते त्या-त्या जागेच्या नियमावर. बऱ्याच जागी सांडपाण्याची टाकी असलेल्या कॅराव्हॅनलाच मुक्काम करू देतात, विकीकॅम्प्स या मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या ॲपवर ते आधी दिसतं. टाकी नसेल तर पाईप घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये सोडा. अन्नाचे कण गाळून घ्या, नाहीतर मुंग्या आणि वास. कॅसेट फक्त डम्प पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या जागी, रिकामी करायची. तिथला खंगाळायचा नळ पिण्याच्या पाईपला कधीही जोडायचा नाही, आधीच्या माणसाने त्याच नळाखाली काय धरलं असेल ते सांगता येत नाही.

नॉर्समनला पोचलात की मोठा पट्टा सरला. तिथलं पाणी पर्थजवळच्या मंडारिंगहून येणाऱ्या गोल्डफील्ड्सच्या नळाचं. अभियंता सी. वाय. ओकॉनरच्या योजनेतला हा नळ १९०३ साली कालगुर्लीपर्यंत, सुमारे ५३० किलोमीटर, आला आणि पुढे नॉर्समनपर्यंत वाढवला गेला. इथे टाक्या भरताना किती लिटर बसले ते वहीत लिहा. पुढच्या प्रवासाला तुमचा खरा रोजचा खर्च हाच, अंदाजाचे १० लिटर नाहीत. घरी परतल्यावर टाक्या पूर्ण रिकाम्या करा, फिल्टरचं काडतूस काढून टाका, गीझरचा तळाचा बूच उघडा, पाईप उंचावर टांगून निथळू द्या आणि कोरडा झाल्यावरच दोन्ही तोंडं एकमेकांत जोडून ठेवा, म्हणजे आत किडे घर करत नाहीत.