कादंबरीवर चर्चा घ्यायची आहे? आधी मुलांचे प्रश्न नीट काढून घ्या

अकरावी-बारावीच्या मुलांकडून श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीवर प्रश्न काढून घेणार असाल, तर बाकी काही राहिलं तरी चालेल, पण प्रत्येक प्रश्नाखाली उताऱ्याचा ठावठिकाणा हवाच. प्रसंग कोणता, परिच्छेद कोणत्या शब्दांनी सुरू होतो, एवढं. नुसता पान नंबर नको. कादंबरी १९५२ची, आवृत्त्या बऱ्याच. ग्रंथालयातली प्रत एक, कुणाच्या काकांच्या कपाटातली दुसरी. पानं जुळत नाहीत, आणि मागच्या खेपेला सगळा तास ‘सर, माझ्यात ते पान नाही’ यातच गेला.

प्रती, वह्या वगैरे तुम्ही बघालच. वाचन मात्र गणपतीच्या आधी उरकून घ्या. एकदा चाकरमानी घरी आले, आरत्या-भजनं सुरू झाली, की दापोली असो वा गुहागर, पुस्तक कोणी उघडत नाही.

प्रश्न मागण्याआधी खोती समजावून सांगा. आजच्या मुलांना खोत हे फक्त आडनाव म्हणून माहीत. गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा आणि त्या जोरावर कुळांवर हुकूम चालवणारा खोत त्यांनी पाहिलेला नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९चा, म्हणजे कादंबरी आली ती त्यानंतर तीनच वर्षांनी. हे ठाऊक नसेल तर कादंबरीतल्या अण्णा खोतांवरचा प्रत्येक प्रश्न ‘ते वाईट होते का?’ इथेच अडकतो.

‘बापूचे स्वभावचित्र रेखाटा’ छापाचे प्रश्न सरळ परत करा. ते गाईडातून येतात, त्यांची उत्तरंही तिथूनच येतात. ‘राधेकडे बघायची गावाची नजर कुठे बदलते, की बदलतच नाही?’ असा प्रश्न आला की वर्गात दोन तट पडतात. तसे दोन-तीन मिळाले तरी तास भरतो. पण तट पडले की दोन्हीकडची मुलं पुस्तकात शोधायला लागणार, आणि तिथे ठावठिकाणा नसेल तर पुन्हा तोच गोंधळ. म्हणून सांगतो, लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं मुलं विसरतात.

सुपारीच्या वाडीवरून मुलं स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगू लागतील. सांगू द्या, त्यातून फार चांगले प्रश्न निघतात. फक्त ‘हे पुस्तकात कुठे आहे?’ एवढं विचारा. याच कादंबरीवर नाटक आणि सिनेमाही झालेत. तिथलं काही प्रश्नात शिरलं असेल तर काढून टाका.

पुढचं थोडक्यात. प्रश्न दोन दिवस आधी गोळा करा, एकसारखे असतील ते जोडा, उरलेले फळ्यावर. लांबच्या वाडीवरून एसटीने येणाऱ्यांचे प्रश्न आधी घ्या, त्यांना लवकर निघावं लागतं. आणि वर्गात जाण्यापूर्वी गठ्ठा एकदा चाळा: ज्या प्रश्नाखाली परिच्छेदाचे सुरुवातीचे शब्द नाहीत, तो त्या मुलाकडे परत.