युरोपातली बुडालेली जहाजं कशी बघावीत

युरोपातल्या सागरी संग्रहालयांपैकी निम्मी गाळलीत तरी तुमचं फारसं बिघडणार नाही. अ‍ॅडमिरलांची तैलचित्रं, काचेच्या पेटीतली जहाजांची मॉडेल्स, पितळी दुर्बिणी, भिंतभर नकाशे. दोन ठिकाणी हे पाहून झालं की तिसऱ्या ठिकाणी नजर बाकडं शोधायला लागते. वेळ राखून ठेवा तो समुद्राच्या किंवा नदीच्या तळातून वर काढलेल्या खऱ्या जहाजांसाठी. मी जुन्या लाकडी फर्निचरची डागडुजी करते, त्यामुळे पुढचा सगळा सल्ला लाकडाकडे झुकलेला आहे. तोफा आणि लढाया यांसाठी दुसरं कुणी तरी गाठा.

जहाज का बुडालं ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंच. आपण विचारायचं ते हे, की उरलं कसं? हा प्रश्न धरून आत गेलात तर कुठल्या भागापुढे थांबायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयापासून करा. वासा हे स्वीडिश युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघालं, जेमतेम तेराशे मीटर गेलं आणि बंदरातच बुडालं. वरचा भार जास्त होता. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. ही गोष्ट तिथे सगळेच सांगतात. अँडर्स फ्रान्झेन या माणसाचा विचार मला जास्त आवडतो. समुद्रातलं लाकूड पोखरतो तो टेरेडो, शिंपल्यांच्या कुळातला अळीसारखा लांबट जीव. त्याला खारं पाणी लागतं. स्टॉकहोमजवळच्या बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारं आहे की तिथे तो तग धरत नाही. मग तिथल्या तळाशी जुनी जहाजं शाबूत असणारच, असा हिशेब करून त्याने शोध घेतला. १९५६ मध्ये वासा सापडलं आणि २४ एप्रिल १९६१ रोजी पाण्याबाहेर आलं.

दालनात शिरल्यावर लगेच वर बघू नका. आधी तळमजल्यावर जा आणि जहाजाच्या बुडाजवळून सावकाश चाला. फळ्यांचे सांधे, लाकडी खुंट्या, बोल्टांच्या जागा तिथेच जवळून दिसतात. मग एकेक मजला वर चढा. मागच्या बाजूच्या कोरीवकामासाठी छोटी दुर्बीण जवळ ठेवा, कारण शेकडो आकृत्या आहेत आणि प्रकाश मंद आहे. ते आज काळपट तपकिरी दिसतं, पण मुळात सगळं भडक रंगांत रंगवलेलं होतं. रंगवलेलं मोठं मॉडेल आधी पाहून घेतलंत तर समोरच्या काळोख्या लाकडावर ते रंग मनाने चढवता येतात. तिथे सापडलेल्या सुतारांच्या मोजपट्ट्याही चुकवू नका. काही स्वीडिश फुटाच्या आहेत, काही अ‍ॅम्स्टरडॅमच्या, आणि दोन्हींचा फूट सारखा नाही. एकाच जहाजावर दोन मापांनी काम करणारी माणसं! मी त्या कपाटापुढे इतका वेळ उभी राहिले की बरोबरचा भाचा तोवर उपाहारगृहात जाऊन आला.

आता ‘उरलं कसं’ याचा दुसरा भाग. शतकानुशतकं पाण्यात राहिलेलं लाकूड नुसतं वाळवलं तर आकसून, तडकून त्याचा भुगा होतो. म्हणून त्यातल्या पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ भरतात. वासावर त्याचा फवारा सतरा वर्षं चालू होता. शिवाय शहराच्या सांडपाण्यामुळे त्या बंदरात तळाशी प्राणवायू कमी होता. जीवजंतूंना ते मानवलं नाही आणि लाकडाचा त्यात फायदाच झाला. पण त्याच घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं. जहाज हवेत आल्यावर गंजलेल्या बोल्टांच्या लोखंडाच्या संगतीने त्याचं सल्फ्युरिक आम्ल व्हायला लागलं. २००० साली लाकडावर क्षारांचे पांढरे-पिवळे डाग दिसले तेव्हा हे ध्यानात आलं. तेव्हापासून हवेतला ओलावा काटेकोर सांभाळतात, आणि बोल्ट बदलून वेगळ्या जातीच्या पोलादाचे घातले आहेत. हे सगळं सांगणारा विभाग बहुतेक लोक ओलांडून पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा. आणि दालन थंड ठेवलेलं असतं, तेव्हा उन्हाळा असला तरी अंगावर काही तरी घ्या.

वासापासून थोडं चाललं की व्राक हे २०२१ मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे. तिथे वर काढलेलं मोठं जहाज नाही. बाल्टिकच्या तळाशी जे आहे ते तिथेच राहू द्यायचं आणि मोजमापं, चित्रण यांच्या आधाराने लोकांना दाखवायचं, असा त्यांचा बेत. वासाचा पुढचा खर्च आणि काळजी पाहून आल्यावर हा बेत किती शहाणपणाचा आहे ते पटतं. मात्र दोन्ही एका दिवसात उरकू नका.

ज्यांना अर्धंच जहाज बघायची सवय नाही त्यांची इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथला पहिल्यांदा निराशा होते. मेरी रोझ हे आठव्या हेन्रीचं जहाज १९ जुलै १५४५ रोजी बुडालं आणि उजव्या कुशीवर पडलं. ती कूस गाळात रुतली म्हणून वाचली. उघडी राहिलेली डावी बाजू प्रवाहाने आणि लाकूडखाऊ जीवांनी संपवली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर आलं ते हे अर्धं जहाज. पण मांडणी बघा. एका बाजूला जहाज आणि समोर, गेलेल्या अर्ध्या भागाच्या जागी, त्या त्या मजल्यावर सापडलेल्या वस्तू. मधून आपण चालतो, म्हणजे जणू जहाजातूनच. तेव्हा एका मजल्यावर डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे बघत पुढे जा. एक बाजू संपवून दुसरीकडे वळलात तर या मांडणीचा उपयोगच होणार नाही.

इथे सुमारे १९,००० वस्तू मिळाल्या. सगळ्या बघण्याचा अट्टहास नको. एक माणूस निवडा आणि त्याच्या वस्तू शोधत फिरा. शल्यवैद्य निवडलात तर त्याची पेटी आहे. धनुर्धारी निवडलात तर यू नावाच्या झाडाच्या लाकडाची उंच धनुष्यं आहेत. मी अर्थातच सुतार निवडला. रंधे, मुठी, मोजायची साधनं आणि त्याच्याच खोलीत सापडलेला सोंगट्यांचा पट. जवळच एका कुत्र्याचा सांगाडा मिळाला. लोक फोटो त्याचाच काढतात, आणि गर्दी तिथे झाली की सुताराची कपाटं मोकळी मिळतात.

डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या व्हायकिंग जहाजांची गोष्ट वेगळी. सुमारे १०७० मध्ये फ्योर्डचा, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्याचा, रस्ता अडवायला जुनी जहाजं मुद्दाम दगड भरून बुडवली होती. त्यातली पाच १९६२ मध्ये, भोवती बांध घालून पाणी उपसून, बाहेर काढली. जे लाकूड मिळालं नाही त्या जागी धातूच्या पट्ट्यांनी फक्त आकार दाखवलाय. मला हा प्रामाणिकपणा फार भावतो, कारण आमच्या धंद्यात नवं लाकूड जुनं भासवण्याचा मोह सतत असतो. त्या पाचांपैकी ‘क्रमांक दोन’ असं नाव दिलेलं लांब युद्धजहाज डब्लिनजवळच्या ओकचं, १०४२ च्या सुमाराला बांधलेलं. त्याची प्रतिकृती बांधून २००७ मध्ये ती समुद्रमार्गे डब्लिनला नेली. फळ्या एकमेकींच्या कडांवर चढवून लोखंडी रिव्हेटांनी जोडल्या आहेत, हे आत पाहा. मग बाहेर बंदरात प्रतिकृती असतात, तिथे तोच सांधा नव्या लाकडात बघा.

भूमध्य समुद्राकडे गेलात की अपेक्षा बदला. तिथे टेरेडोची चैन असते. वाळूने किंवा मालाने झाकलेला तळाचा भाग तेवढा उरतो, बाकी माल. इटलीत पिसाला नदीच्या गाळात १९९८ पासून सापडलेली जहाजं मेदिची घराण्याच्या जुन्या जहाजगोद्यांत मांडली आहेत. फ्रान्समध्ये आर्ल्सला ऱ्होन नदीतून काढलेली ३१ मीटर लांबीची रोमन मालवाहू नाव आहे. नदीचा गाळ समुद्रापेक्षा दयाळू, म्हणून ही इतकी पूर्ण. प्राचीन भूमध्य जहाजांत फळ्यांच्या कडांना खाचा पाडून, त्यांत लाकडी जीभ बसवून, वरून खुंटी ठोकत. आधी फळ्यांचं कवच आणि मग आतल्या फासळ्या. रोस्किल्ड डोक्यात ताजं असताना हे पाहिलंत तर फरक नीट उमजेल.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात अँटिकिथेरा या ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजातल्या वस्तू आहेत. सगळी गर्दी सूर्य-चंद्राच्या गतीचा हिशेब करणाऱ्या, दातेरी चाकांच्या त्या प्रसिद्ध यंत्राभोवती. यंत्र पाहाच, पण मग संगमरवरी पुतळ्यांकडे जा. वाळूत गाडलेला भाग गुळगुळीत, पाण्यात उघडा राहिलेला भाग समुद्री जीवांनी चाळण केलेला. एकाच देहावर वाळूची रेघ कुठे होती ते कळतं. ‘उरलं कसं’ या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

तुर्कस्तानातलं बोद्रुम काटेकोर भूगोलाने आशियात येतं, पण एजियन समुद्राच्या फेरीत ते सोडू नये. किल्ल्यातल्या संग्रहालयात उलुबुरुनजवळ बुडालेल्या जहाजाचा माल आहे, इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाच्या अखेरचा. सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील, म्हणजे कांसं ओतायचं प्रमाणच जहाजात भरलेलं. माझी आवडती वस्तू मात्र हस्तिदंती बिजागरीची लाकडी लेखनपाटी. डाळिंबं भरलेल्या मोठ्या रांजणात ती मिळाली. बिजागरीचं काम आजही लाज वाटावी इतकं नेटकं.

सोन्या-चांदीच्या खजिन्यापुढे एकच गोष्ट तपासा: तो वर कुणी काढला? स्पेनमध्ये कार्ताहेनाच्या संग्रहालयात मर्सेडीस या १८०४ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेची नाणी आहेत. एका अमेरिकी खजिनाशोधक कंपनीने २००७ मध्ये ती काढून फ्लोरिडाला नेली. स्पेन अमेरिकेच्या न्यायालयांत जिंकला आणि २०१२ मध्ये नाणी परत आली. नाण्यांबरोबर तळावरची मांडणी नोंदली गेली नसेल तर पुरातत्त्वाच्या दृष्टीने तो निव्वळ ढीग.

निघण्याआधी संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडून बघाच. ऑस्लोचं व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय नव्या इमारतीसाठी २०२२ पासून बंद केलेलं आहे, आणि जुन्या प्रवासपुस्तकांत अजूनही त्याची तारीफ सापडते. रोस्किल्डच्या जुन्या दालनाला २०१३ च्या वादळाचा फटका बसला होता, तेव्हा तिथेही जहाजं सध्या कुठे आहेत ते विचारून घ्या. फ्लॅश वापरू नका. वही-पेन्सिल ठेवा, सांध्याचं चित्र काढलं की तो फोटोपेक्षा नीट समजतो.

एकच जागा निवडायची असेल तर बहुतेक जण वासा सांगतील, आणि त्यात खोट नाही. मी पोर्ट्‌समथ सांगेन. सकाळी दार उघडतानाच पोचा आणि सरळ मेरी रोझकडे जा. अ‍ॅडमिरल नेल्सनची युद्धनौका व्हिक्टरी त्याच आवारात आहे. ती जेवणानंतर, पाय उरले तर.