द्राक्षाच्या मण्यावर जुन्या एअरब्रशचा दाणा

नाशिकच्या एका बागायतदारासाठी द्राक्षाच्या पेटीचं लेबल करत होतो. फोटोशॉपचा मऊ ब्रश फिरवला की मणी प्लॅस्टिकचे दिसायचे. जुन्या छापील लेबलांवरची एअरब्रशची (हवेने रंग फवारणाऱ्या पेनाची) ती खरखरीत, दाणेदार सावली काही येईना. नॉइज फिल्टर मारला, तर सगळ्या चित्रावर सारखीच धूळ बसली. शेवटी जमलं ते असं:

१. फाइल १५० डीपीआयवर (दर इंचाला १५० ठिपके) घ्या. मण्याला सपाट रंग भरा आणि वरच्या नव्या लेयरला क्लिपिंग मास्क लावा, म्हणजे फवारा कडेबाहेर जात नाही.

२. ब्रश सॉफ्ट राउंड, हार्डनेस ० टक्के, मोड डिझॉल्व्ह (यात रंग सुट्या ठिपक्यांत पडतो), ओपॅसिटी २० टक्क्यांच्या आसपास. ब्रश मण्यापेक्षा मोठा ठेवा आणि त्याची फक्त कड मण्यावर येऊ द्या. दाणे कडेला दाट, आत विरळ पडतात.

३. उजेडाच्या बाजूला फिकट रंगाचा एकच हात. ताज्या द्राक्षावर मेणाची पांढुरकी झाक असते ना, अगदी तशी दिसते. दुसऱ्या हाताचा मोह आवरा.

४. इमेज साइझमध्ये निअरेस्ट नेबर (पिक्सेल न मिसळता मोठं करणारा पर्याय) निवडून रिझोल्यूशन १५०चं ३०० करा, म्हणजे पिक्सेल २०० टक्के होतात. एका पिक्सेलचा दाणा दोन बाय दोनचा होतो, म्हणून ३०० डीपीआयच्या छपाईत तो हरवत नाही. अक्षरं मात्र यानंतरच टाका, नाहीतर रास्टराइझ केलेल्या (पिक्सेलमध्ये बदललेल्या) अक्षरांच्या कडा दातेरी होतील.

नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाण्यांचा चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.